फोटोतल्या बाईबरोबर काटोलकडे

नागपूरला जाऊन आले असं सांगितलं की चिपळुणात दोनच प्रश्न येतात. संत्री आणलीस का, आणि ऊन किती होतं? संत्री आणली होती, त्यातली निम्मी गाडीतच नरमली. ऊन मार्चच्या शेवटालाच एवढं होतं की मे महिन्यात ती माणसं काय करत असतील ते त्यांनाच ठाऊक. याच्यापुढे कुणी काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून बोलले नाही. सहा महिने गेले. आता लिहून ठेवते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. ज्या गावात गेले होते त्याचं नाव लिहिणार नाही. काटोलच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं, एवढं पुरे.

हुडकेश्वर

माझी शाळेतली मैत्रीण मंदा लग्न होऊन नागपूरला गेली त्याला तीस वर्षं झाली. ती तिथल्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. एचआयव्हीची लागण झालेली माणसं महिन्याच्या महिन्याला गोळ्या न्यायला येतात, त्यांच्याशी बोलायचं, गोळी का चुकवायची नाही ते समजावायचं, हे तिचं काम. मी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा तिने फोन करून सांगितलं, आता सबब सांगू नकोस, ये.

तिचं घर हुडकेश्वरला. एका प्लॉटवर घर, शेजारच्या प्लॉटवर नुसत्या सळ्या उभ्या, त्याच्यापुढे बाभळी, असा तो भाग आहे. आमच्याकडे घरं झाडांत लपलेली असतात. इथे घर लांबूनच सगळं दिसतं आणि तरी आत माणूस आहे की नाही ते कळत नाही. साडेबारा वाजले की रस्ता रिकामा होतो. कुत्रीसुद्धा गाड्यांखाली जातात. मी पहिल्या दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि चारी बाजूंना बघत राहिले. एवढी घरं, एकाही घरातून आवाज नाही, फक्त कूलरची घरघर.

तेवढ्यात खालून एक स्कूटर आली. चालवणारीचं डोकं, तोंड, मान, सगळं ओढणीने आवळून बांधलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातांत खांद्यापर्यंत मोजे. तिने मान वर करून मला हात केला. मला तिचं काहीच दिसत नव्हतं. मी दचकून मागे सरले. संध्याकाळी कळलं, ती मंदाची शेजारीण होती, सकाळीच तिने मला चहा दिला होता. नागपुरात उन्हात सगळ्याच बायका अशा बांधून घेतात. सवय व्हायला मला दोन दिवस लागले.

रात्रीच्या जेवणाला मंदाने वडाभात केला. भातावर डाळीचे वडे चुरायचे आणि वरून हिंग-मिरचीची कढत फोडणी ओतायची. एवढं तेल बघून मी आधी घाबरले, मग दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी मंदा चष्मा घरीच विसरली. तो द्यायला मी तिच्या दवाखान्यात गेले. बाकांवर वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. वर पंखा होता, आत सावली होती, तरी एकीनेही तोंडावरची ओढणी सोडलेली नव्हती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आतून नंबर पुकारला की एक उठायची, आत जायची, पाच मिनिटांनी तशीच बाहेर पडायची. नावाने कुणालाच हाक मारत नव्हते.

मंदा नंतर म्हणाली, "काटोलची माणसं इथे येतात आणि इथली काटोलला जातात. गोळ्या दोन्हीकडे त्याच. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दिवसाची मजुरी बुडवून जातात. बस वाटेत एकमेकींना ओलांडत असतील बघ."

त्या बाकांवर एकच बाई उघड्या तोंडाने बसली होती. पस्तिशीची, सावळी, निवांत. ती कागदाच्या पुडीतले भुईमुगाचे दाणे खात होती आणि टरफलं पिशवीत टाकत होती. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती हसली.

"तिला भीती वाटत नाही?" मी मंदाला विचारलं.

"तिला कशाची भीती," मंदा म्हणाली. "ती मेलेली आहे."

महाल

तिचं नाव रेखा. महालात एका अरुंद बोळात, भांड्यांच्या दुकानावर, तिची एक खोली आहे. खोलीत शिलाई मशीन, त्यावर साड्यांचा ढीग. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं, हे तिचं काम. मंदाच्या साडीच्या निमित्ताने मी तिच्याकडे गेले. आपली हकीगत तिने स्वतःच मला सांगितली, आणि पुढे ती लिहायलाही हरकत घेतली नाही.

तिचा नवरा संत्र्याचा ट्रक चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. काही महिन्यांत ती आजारी पडली, तपासणीत एचआयव्ही निघाला. तिच्या सासूसासऱ्यांनी तिला नागपूरला आणून दवाखान्यात भरती केलं. सासरे म्हणाले, डबा घेऊन येतो. ते परत आले नाहीत.

"मी मरतेच आहे असं समजले असतील," रेखा म्हणाली. "तेव्हा हाडंच राहिली होती माही."

ती मेली नाही. गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांत उभी राहिली. दवाखान्यातल्या एका आयाने तिला शिलाईच्या कामाला लावलं. गावाकडून कुणी आलं नाही, तिचा फोन कुणी उचलला नाही. माहेरी आईवडील नव्हतेच.

मग एक दिवस महालात भाजी घेताना गावातली एक बाई समोर आली. गंगूबाई तिचं नाव. हंगामात संत्री विकायला नागपूरला यायची. रेखाने हाक मारली. गंगूबाईच्या हातातली टोपली खाली पडली, संत्री बोळभर घरंगळली. ती वेचायला वाकली नाही. भिंतीला पाठ लावून रेखाच्या पायांकडे बघत राहिली.

"माह्या पायाकडे काहून पाहून राहिली, मले समजेना. मग म्हणाली, रेखा, तुई तेरवी जेवली वं मी."

सासरच्यांनी गावात सांगितलं होतं की रेखा काविळीने नागपूरलाच गेली, तिथेच अग्नी दिला. तेरावा केला, गाव जेवलं. तिचा फोटो भिंतीवर लागला, त्याला हार घातला. धाकट्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. घरात असली आजारी सून असती तर कुणी मुलगी दिली नसती. काविळीने मेलेली असली तर देतात.

मी पोस्टात बत्तीस वर्षं काढली. पत्ता बरोबर, माणूस मयत, असा शेरा मारून कितीतरी पत्रं मी स्वतः परत पाठवली आहेत. खिडकीबाहेर कधी ती व्यक्ती उभी असेल असं मनात आलं नव्हतं.

"तू काही केलं नाहीस?"

"काय करू? गावात जाऊन म्हणू का, मी मेली नाई? मग काहून टाकली, ते विचारतीन. ते सांगू?" तिने दातांनी दोरा तोडला. "इथं बरी हाओ. कोणाचं काही ऐकून घ्या लागत नाई."

हे सगळं तिने शांतपणे सांगितलं. पण त्या दिवशी तिला वेगळंच काही हवं होतं. गंगूबाई आठ दिवसांपूर्वी येऊन गेली होती. धाकट्या दिराचं लग्न दोन वर्षांमागे झालं, त्याची बायको पल्लवी आता सात महिन्यांची गरोदर होती. तालुक्याच्या दवाखान्यातून तिचा काही कागद आला आणि त्यानंतर घरच्यांनी तिला परत दवाखान्यात पाठवलंच नाही. तिला मोठीची बाधा झाली, मोठीच तिच्या अंगात आली, असं गावात सांगत होते. जवळच्या एका गावातला मांत्रिक दर शनिवारी येत होता. पल्लवीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली होती.

"मोठी म्हणजे मीच ना," रेखा म्हणाली.

तो कागद कसला असेल ते तिला सांगायची गरज नव्हती. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर बाळ बहुतेक वेळा वाचतं, हे ती नऊ वर्षं मंदाकडून ऐकत आली होती. नऊ महिन्यांतले सात गेले होते.

मंदाला विचारलं तर ती म्हणाली, "त्या घरात कुणाचा कसला रिपोर्ट आहे याबद्दल मी चकार शब्द बोलू शकत नाही. मला माहीत असलं तरी नाही आणि नसलं तरी नाही. तिथल्या दवाखान्यातली ताई दोनदा घरी जाऊन आली असेल, तिला दारातून परत लावलं असेल, असं धर." मग म्हणाली, "रेखाने एकटीने जाऊ नये."

मी जाते म्हणाले. माझ्या अंगात धाडस आहे असं नाही. पण मला त्या भागात कुणी ओळखत नव्हतं, आणि दुपारी त्या गच्चीवर बसून रिकामे रस्ते बघण्यापेक्षा ते बरं वाटलं.

काटोलच्या अलीकडे

बसमध्ये रेखा खिडकीशी बसली. ओढणी नाकापर्यंत बांधलेली. त्या रस्त्यावर ओळखीचं कुणीही चढू शकत होतं. तिने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

मला सगळं ठाऊक होतं. असं काही खाण्याने होत नाही, मंदाने हजारदा सांगितलं होतं, मी स्वतः इतरांना सांगितलं असतं. तरी माझा हात थांबला. मग मी फोड घेतली आणि खाल्ली. रेखाने खिडकीबाहेर तोंड केलं होतं. पण माझा हात थांबलेला तिने पाहिला होता.

फाट्यावर उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. बहुतेक तोडणी होऊन गेली होती, एखाद्या फांदीला चुकून राहिलेलं फळ. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरट निळं औषध फासलेलं होतं. रोग चढू नये म्हणून लावतात म्हणे. पण ओळीच्या ओळी तशा उभ्या, वर काळोखी हिरवी पानं आणि खाली पांढरे पाय, आणि वाऱ्याची एक झुळूक नाही. आम्ही चालत होतो आणि ओळी आमच्याबरोबर फिरत होत्या. आमच्या बागांत पाखरं तरी ओरडतात. इथे माझ्याच चपलांचा आवाज मला मागून कुणी येत असल्यासारखा वाटत होता. मी दोनदा वळून पाहिलं.

अर्ध्या वाटेत माझा घोळणा फुटला. कोरड्या हवेची सवय नाही. नाकातून धार लागली, पदर लाल झाला. रेखाने मला एका झाडाखाली बसवलं, तोंडावरची ओढणी सोडली, बाटलीतल्या पाण्याने भिजवली आणि माझ्या नाकाशी घट्ट दाबून धरली. तिची बोटं माझ्या रक्ताने भरली. ती सहज म्हणाली, "मान खाली करा ताई, वर नको. गिळू नका." दहा मिनिटं ती तशीच ओणवी होती. बसमधल्या फोडीचं मला तेव्हा जेवढं वाईट वाटलं तेवढं त्याआधी वाटलं नव्हतं.

ओढणी रक्ताने माखली होती, ती परत बांधता येईना. रेखाने ती पिळून पिशवीत टाकली. अशा रीतीने ती गावात उघड्या तोंडाने शिरली.

पहिला एक म्हातारा दिसला, पारावर बिडी ओढत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बिडी तशीच बोटांत राहिली. त्याची नजर हळूहळू खाली तिच्या पायांवर आली. पुढे हापशावर दोन बायका होत्या. त्यांनीही तसंच केलं: तोंड, मग पाय. हापसा थांबला. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. आम्ही पुढे गेल्यावर मागे दारं लागल्याचे आवाज आले, एकामागून एक, अगदी सावकाश.

रेखाने वाटेतच चपला काढून हातात घेतल्या. "पाहू दे नीट," ती म्हणाली. "पुढंच हायेत दोन्ही." जमीन तव्यासारखी तापलेली होती. ती अनवाणी चालत राहिली.

घर

अंगणात तिची सासू सुपात तूर पाखडत बसली होती. साठीची, किडकिडीत बाई. तिने मान वर केली. सुपाची लय क्षणभर चुकली आणि परत लागली. ती घाबरली नव्हती. ते घर आणि गंगूबाई सोडली तर सगळ्या गावाला रेखा मेलेली होती. या बाईला खरं ठाऊक होतं.

"तुमी कोठच्या?" तिने मला विचारलं.

"चिपळूणची."

"लय दूर. बसा. ऊन हाये." तिने एक पेला पाणी आणलं. एकच. तो मला दिला. रेखा माझ्या शेजारी उभी होती आणि सासूची नजर तिच्यावरून अशी जात होती की तिथे खांब असावा. मी पाणी पुढे केलं, रेखाने मान हलवली.

ओसरीच्या भिंतीवर तीन फोटो होते. पहिला तिच्या नवऱ्याचा. दुसरा रेखाचा, लग्नातला, नाकात नथ, वर चंदनाचा हार. तिसऱ्याकडे बघून रेखा पुढे गेली. तो तिच्या सासऱ्यांचा होता. डबा घेऊन येतो म्हणालेले सासरे गेले, हे तिला तिथे कळलं; गंगूबाईने सांगितलं नव्हतं. ती त्या फोटोपाशी थोडी थांबली आणि मग स्वतःच्या फोटोखालून आत गेली.

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. कडीला काळा दोरा आणि वाळलेलं लिंबू. जळक्या मिरच्यांचा आणि लोबानाचा वास घशाशी येत होता.

मला वाटलं सासू आडवी येईल. ती उठली, दोन पावलं आलीही. पण अडवायचं तर बोलावं लागलं असतं, किंवा हात धरावा लागला असता. ती दोन्ही करू शकली नाही. तिथेच उभी राहिली, सूप छातीशी धरून.

"पल्लवी," रेखाने दारातून हाक मारली.

आत काहीच नाही.

"पल्लवी, कडी काढून राहिली मी. भेऊ नको."

"कोन हाये?"

"मी रेखा. तुई मोठी जाऊ."

मग आतून आवाज आला. रेशनच्या दुकानात कुणी नाव विचारलं तर सांगावं, तसा साधा आवाज.

"रेखा तं मी हाओ."

मी चौकट धरली. रेखाच्या हातातून कडी सुटली. मग तिने ती पुन्हा धरली आणि दार उघडलं.

बावीस-तेवीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. पोट पुढे, हात काटक्यांसारखे, मनगटांवर काळे दोरे, कपाळावर राख. शनिवारी शनिवारी त्या माणसाने तिला विचारलं होतं, तू कोण, आणि ती पल्लवी म्हणाली की मिरच्यांचा धूर, रेखा म्हणाली की धूर बंद. हे तिने मागाहून सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं की ती रेखाच्या पायांकडे बघते आहे.

रेखा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि पाय लांब केले. "हात लाव."

पल्लवीने बोट लावलं, लगेच काढलं. मग पूर्ण तळवा ठेवला.

"गरम हाये," ती म्हणाली.

"फाट्यापासून उन्हात आली. गरमच राहीन. फोडबी आला पाह्य."

पल्लवी बघत राहिली. मग तिने रेखाचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि सोडेना. रडलीही नाही. नुसता धरून ठेवला.

रेखाने पिशवीतून आपली गोळ्यांची डबी काढली. "हे पाह्य. रोज एक. नऊ वर्सं झाली. मले काही झालं नाई. तू आतापासून घेतली तं लेकरालेबी काही व्हायचं नाई असं म्हणतात ते. मी मेली नाई, म्हणून तुह्या अंगात येऊ शकत नाई. समजलं? तुई तबेत तुई हाये. दवाखान्याचा कागद कोठं हाये?"

पल्लवीने दाराकडे पाहिलं. तिथे सासू उभी होती. मग सासू ओसरीवर गेली, रेखाच्या फोटोमागे हात घातला आणि चार घड्या घातलेला कागद काढला. त्या फोटोला घरात कुणी हात लावत नसे, म्हणून तिथे ठेवला असावा. तो तिने माझ्या हातात दिला.

"दोन पोरं होती," ती मलाच म्हणाली. "एक गेला. दुसऱ्याचं लगन व्हायचं होतं. तिले नागपूरले न्यायले मीच गेलती, गाडीत डोकं माह्या मांडीवर होतं तिचं. तुमी काय केलं असतं?"

मी एवढंच म्हणाले, की या मुलीच्या बाबतीत अजून वेळ आहे.

चार वाजेपर्यंत आम्ही त्या खोलीत होतो. पल्लवीचा नवरा संत्र्याची गाडी घेऊन दिल्लीकडे गेला होता. त्याला मी फोन लावला. आधी तो ओरडला, मग म्हणाला, आई म्हणते ते करा. सासू ऐकत होती. ती उठली, ट्रंकेतून एक स्वच्छ ओढणी काढली आणि पल्लवीचं कपाळ पुसून तिचं तोंड स्वतःच्या हाताने बांधलं. शेजारी कुणी विचारलं तर नागपूरला देवीला नेलं म्हणून सांगायचं, असं ती पुटपुटत होती. मग अगदी सहज, भांडी आवरताना बोलावं तसं, ती म्हणाली,

"रेखे, तिले फाट्यापर्यंत पायी नेऊ नको. ऑटो बोलावतो मी."

रेखा उंबऱ्यात थबकली. नऊ वर्षांत त्या घरातून तिला मारलेली ती पहिली हाक.

ऑटो येईपर्यंत सासू आणखी बोलली, आता रेखाशीच. पल्लवी दर महिन्याला नागपूरला जाईल, बाळंतपण दवाखान्यात करू, मांत्रिक बंद. पण रेखाने परत गावात यायचं नाही. फोटो भिंतीवरच राहील. गावाने आज जे पाहिलं ते पाहिलं. भरदुपारी दिसली, गेली, एवढंच राहू द्यायचं. नाहीतर पल्लवीचंही नाव निघेल, लेकराचंही निघेल.

मला राग आला. मी बोलणार होते. रेखाने माझा दंड धरला.

"चालते," ती म्हणाली. "मी मेलीच हाओ, समजा. पण ज्या महिन्यात हिची गोळी चुकली, त्या महिन्यात मी येईन. दुपारचीच येईन. आज आली तशी."

सासूने मान हलवली. हो म्हणून हलवली की शहारली, ते मला सांगता येणार नाही.

परत आल्यावर

पल्लवी रात्री रेखाच्याच खोलीवर राहिली. दुसऱ्या दिवशी मंदाने तिला आत घेतलं तेव्हा मी आणि रेखा बाहेरच्या बाकावर होतो. ती एक तास आत होती. बाहेर आली तेव्हा हातात डबी होती. त्याच दिवशी पहिली गोळी घेतली. आठ दिवसांनी नवराही तपासणीला आला, त्याचीही औषधं सुरू झाली. कुणाकडून कुणाला आलं हे मी मंदाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "घरचेही आधी हाच प्रश्न विचारतात. त्याच्या उत्तराने गोळी जास्त लागू पडत नाही."

निघायच्या आदल्या दिवशी रेखाने मला जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकर, भरली वांगी, ठेचा. आम्ही एकाच ताटात जेवलो. ते मुद्दाम केलं, हे तिलाही कळलं. ती म्हणाली, "ताई, ठेचा कमी घ्या, नाहीतर पुन्हा नाक फुटीन."

मेच्या अखेरीस पल्लवीला मुलगी झाली. तिला सहा आठवडे औषधाचे थेंब दिले. पहिली तपासणी चांगली आली. शेवटची दीड वर्षानंतर होते, तोवर नक्की म्हणता येत नाही. मंदा आनंदाच्या बातम्या अशाच मोजूनमापून देते.

मग श्रावणात एक महिना पल्लवी आली नाही. फोन बंद. घरात कुणा नात्यातल्या बाईने सांगितलं होतं, लेकरू झालं, आता गोळी कशाला. मंदा तिथल्या ताईला निरोप देईपर्यंत रेखा बसमध्ये बसली होती. गावात गेली नाही. न येण्याचाही शब्द दिला होता आणि येण्याचाही, म्हणून फाट्यापर्यंतच. फाट्यावर, संत्र्यांच्या बागेच्या तोंडाशी, उघड्या तोंडाने उभी राहिली. एक बस गेली, दुसरी गेली. येणारेजाणारे बघत, पायांकडे बघत, आणि झपाझप निघून जात. तीन वाजता ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पल्लवी आणि सासू लेकराला घेऊन मंदाच्या दारात हजर.

मागच्या आठवड्यात रेखाचा फोन आला होता. पल्लवी आता एकही महिना चुकवत नाही. पण गावात बोलतात की मोठी सून दुपारची फाट्यावर उभी राहते, कुणाला काही करत नाही, नुसती बघते. गंगूबाईने तिला सांगितलं की तिथे झाडाखाली लोक काही काही ठेवू लागले आहेत. फोनच्या दोन दिवस आधी काटोलला कामाने जाताना रेखा बसमधून उतरून बघून आली.

"खरंच होतं का काही?" मी विचारलं.

"हळद-कुंकू होतं. हिरव्या बांगड्या होत्या. अन् एक नारळ, चांगला मोठा."

पलीकडे मशीन चालू होतं, ते तिने थांबवलं.

"माह्याचसाठी ठेवला होता ना," रेखा म्हणाली. "घेऊन आली. चटणी केली."